रनअवे म्हणायचं नाही

दगडाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका शाळामास्तराच्या पाठीत चिंचेची फोक ओढत होती. धोतर, काळी टोपी, काखेत छत्री, असा भला माणूस. रेल्वेचं गेट बंद, आणि हा पठ्ठ्या दांड्याखालून वाकून पलीकडं निघालेला. फोक बसली तसा गर्रकन फिरला आणि म्हणाला, “बाई, मी शिक्षक आहे!” ही म्हणाली, “मंग तर दोन मारायला पायजेत.”

सोलापुरात बंद गेटाला कोण विचारतो हो? तेव्हाही नाही, आताही नाही. दांडा खाली आला की आपले लोक थांबत नाहीत, नुसता कान देतात. इंजिनाची शिट्टी ऐकू येईपर्यंत सायकल आडवी करून, डोक्यावरची पाटी सांभाळत, लेकरू काखेत मारून सगळे खालून जातात. शिट्टी झाली की मग थांबायचं. ह्या आपल्या पद्धतीपायी दगडाबाईचं तोंड दिवसभर चालू असायचं.

ती कोंडीबाची बायको. मूळची मोहोळकडची. कोंडीबा त्याच गेटवर गेटमन होता, कावीळ होऊन गेला. त्र्याहत्तर साली त्याच्या जागी हिला घेतलं, पण बदलीवर. म्हणजे पक्का कागद नाही, साहेबाची मर्जी असेल तोवर नोकरी. हिला अक्षर ओळखीचं नव्हतं, म्हणून गाड्यांची नावं हिनंच ठेवली होती. मद्रास मेल ती काळी सासू. सकाळची पॅसेंजर रोज उशिरा यायची, ती लंगडी. गेटच्या खोलीत लाल-हिरवी बावटी, कंदील, हँडल फिरवायचा फोन आणि फटाक्यांचा पत्र्याचा डबा, एवढा तिचा संसार. हे फटाके दिवाळीचे नव्हेत. पुढं धोका असला की रुळावर बांधायचे, गाडीचं चाक वर आलं की मोठा बार होतो आणि ड्रायव्हरला कळतं. दगडाबाई ते रोज पुसून ठेवायची.

मी त्रिंबक. गेटच्या वरच्या अंगाला अडीच मैलांवर शहराबाहेरचं एक स्टेशन होतं, तिथं पॉइंट्समन होतो. डबे जोडायचे, तोडायचे, सांधे बदलायचे. स्टेशनचं नाव सांगणार नाही. विचारूही नका.

आता त्या शब्दाचं सांगतो. रेल्वेच्या क्वार्टरांत सगळ्यांच्या तोंडी एक इंग्रजी शब्द होता, ‘रनअवे’. डबे आपोआप सुटून पळाले की पुस्तकात त्याला तो शब्द. पण आमच्याकडं दूध उतू गेलं तरी माझी बायको नागूबाई ओरडायची, “अगं बाई, दूध रनअवे!” शेजाऱ्याची शेळी दावं तोडून गेली की रनअवे. शाळा बुडवून पोरगं सिनेमाला गेलं की रनअवे. आमचे शंटिंग जमादार अण्णाराव ड्युटीवरनं हळूच घरी जेवायला सटकायचे तेव्हा स्वतःच सांगून जायचे, “त्रिंब्या, मी अर्धा तास रनअवे, मास्तरानं विचारलं तर पाणी प्यायला गेलेत म्हण.” ज्यांना इंग्रजीचा ई माहीत नव्हता त्या म्हाताऱ्यासुद्धा तो शब्द सुपारीसारखा चघळायच्या.

आणि खरोखरच डबे पळाले तर? तर तो शब्द कुणी काढायचा नाही! मालगाडीच्या डब्याला आम्ही वाघीण म्हणतो. वाघीण सुटून फर्लांगभर गेली तरी म्हणायचं, ‘जरा सरकली.’ कारण रनअवे म्हटलं की ते स्टेशनच्या डायरीत चढतं, डायरीवरनं कंट्रोल ऑफिसला, कंट्रोलवरनं साहेबाकडं, आणि मग ब्रेक कुणी बांधला नव्हता ह्याची चौकशी लागते. चौऱ्याहत्तरच्या रेल्वे संपानंतर तर आम्ही सगळे दबकून होतो. ओळखीची माणसं नोकरी जाऊन घरी बसली होती. म्हणून दुधाला रनअवे, अन् वाघिणीला सरकली. असली आमची अक्कल.

पंच्याहत्तरचा फेब्रुवारी. मंगळवार. सोलापूरचा मंगळवारचा बाजार म्हणजे सकाळपासून त्या गेटवर गाड्या, पाट्या, कोंबड्या, माणसं, नुसती रेटारेटी. सकाळी दहाच्या सुमाराला आमच्याकडं सिमेंटच्या दोन भरलेल्या वाघिणी मेन लाईनवर उभ्या होत्या. इंजिन सोडवून पाण्याला गेलं होतं. आता अशा वेळी काय करायचं हे पहिल्या दिवशी शिकवतात. वाघिणीचा हँडब्रेक खाली दाबून त्यात खीळ घालायची आणि चाकाखाली लाकडी ठोकळा द्यायचा. मी ब्रेकला हात घातला तर दांडी गंजलेली, हलेना. अण्णाराव म्हणाले, “राहू दे बे. इंजिन पाच मिनटात येतंय. दगड लाव.” मी दगड लावला. सगळेच लावायचे. कुणावर ढकलत नाही, जमादारावरही नाही. हात माझा होता आणि दगडही मीच लावला.

आम्ही स्टेशनमास्तरच्या खोलीत चहा पीत होतो. मास्तर धक्क्यावर कुणाच्या सह्या घ्यायला गेले होते. खिडकीतनं मला सिमेंटच्या वाघिणी दिसत होत्या. एक घोट घेतला, वर बघितलं, आणि मला वाटलं की खिडकीच हलतेय. मग कळलं, खिडकी नाही.

धावलो. चपला राहिल्या खोलीत. वाघिणी माणसाच्या चालीनं चालल्या होत्या, अगदी निवांत. मी ब्रेकच्या दांडीला लोंबकळलो, लाथा मारल्या, ढिम्म. ठोकळा उचलून चाकापुढं टाकला तर चाकानं तो बाजूला फेकला. तिथनं गेटपर्यंत सगळा उतार आहे. माणसाची चाल सायकलीची झाली, आणि माझा हात सुटला.

परत खोलीत आलो. अण्णाराव फोनपाशीच उभे होते, पण फोनला हात लावला नव्हता. मी हँडल फिरवायला गेलो तसा त्यांनी माझं मनगट धरलं.

“काय सांगणार हाईस?”

“काय म्हणजे? गेटला सांगतो.”

“सरकल्या म्हण. नुसत्या सरकल्यात. गेट बंद कर म्हण, बास. पुढं सपाटीला थांबतील आपोआप. दुसरा शब्द काढलास तर तुजी नोकरी गेली आन माजीबी.”

मी हँडल फिरवलं. पलीकडं दगडाबाई.

“काय रं त्रिंबक? काळ्या सासूला अजून अवकाश हाय.”

“वहिनी, गेट बंद करा. दोन वाघिणी जरा सरकल्यात.”

“सरकल्यात म्हंजी?”

“सरकल्यात. तुमी गेट बंद करा की.”

“कुटवर सरकल्यात?”

अण्णाराव माझ्याकडं बघत मान हलवत होते, नको, नको. फोनमधनं मला तिकडचा बाजार ऐकू येत होता. कुणीतरी मेथीची जुडी केवढ्याला विचारत होतं. एक बैल हंबरला. कुणाचं तरी लेकरू ‘आई, आई’ करत होतं.

“त्रिंबक,” तिचा आवाज एकदम खाली आला. “मंगळवार हाय. नुसता दांडा पाडला तर एक मानूस थांबायचं न्हाय, तुला म्हाईत हाय. मला कितपत आरडायचं त्ये नीट सांग. सरकल्यात का रनअवे?”

किती वेळ गेला? मी अजून मोजतो मनात. अर्धं मिनिट असेल, जास्त असेल. मला माझी तीन लेकरं दिसली, नागूबाई दिसली, क्वार्टर खाली करायची नोटीस दिसली. खोटं कशाला बोलू, गेटवरच्या लेकराच्या आधी मला माझीच दिसली. लाज वाटते सांगताना.

“रनअवे,” मी म्हणालो. “वहिनी, रनअवे! भरलेल्या हायेत!”

तिकडनं फोन आपटल्याचा आवाज आला. अण्णाराव बाकावर बसले आणि म्हणाले, “मेलो आपण.”

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. मी रुळावरनं पळत सुटलो होतो, कशासाठी ते मलाच ठाऊक नाही. अडीच मैल अनवाणी, खडीवरनं. गेटवरचं सगळं मला नंतर बसप्पानं सांगितलं. बसप्पा अक्कलकोटकडचा कांदेवाला, तेव्हा त्याची बैलगाडी बरोबर रुळावर होती.

दगडाबाईनं दोन्ही दांडे खाली घ्यायला सुरुवात केली. अलीकडचा पडला. पलीकडच्याखाली दोन गाड्या आडव्या, तो अर्ध्यातच अडला. ही लाल बावटी घेऊन मधोमध उभी राहिली आणि ओरडली, “हटा! वाघिणी पळाल्यात, हटा समदे!” लोकांनी काय करावं? सिग्नलकडं बघितलं. सिग्नल पडलेला नाही. कान दिला. शिट्टी नाही. “बाई, उगं कशाला घाबरवती? गाडी कुटं हाय?” म्हणून हसले. बसप्पा स्वतः म्हणाला होता, “येवढी गाडी काढतो की निवांत.” पुढं गर्दी, त्यामुळं त्याच्या बैलांना पाऊल टाकायला जागा नव्हती. हिनं फोक चालवली, शिव्या घातल्या, एका बाईला दंडाला धरून ओढलं. एक हटला की दोन खालून यायचे.

आता सांगा, वाघिणीला शिट्टी कुठनं असणार? इंजिन नाही, धूर नाही. वर वळण, बाभळी. दिसेपर्यंत ती अंगावर आलेली असणार.

बसप्पा म्हणतो, बाई एक क्षण थांबली. खोलीकडं बघितलं, लोकांकडं बघितलं, आणि आत जाऊन फटाक्यांचा डबा घेऊन वरच्या अंगाला पळत सुटली. लुगड्याचा काष्टा मारलेला, हातात डबा. लोक अजून हसले. त्यांना वाटलं, बाईच भिऊन पळाली. गेटमननं उघडं गेट सोडून जाणं हा रेल्वेत केवढा गुन्हा, ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती वाघिणींच्या दिशेनं पळत होती. दोनशे पावलांवर खाली बसली, पहिला फटाका रुळावर बांधला. दहा पावलं मागं येऊन दुसरा. तिसरा बांधताना वळणावर वाघिणी दिसल्या. ती म्हणायची, पट्टी आवळेपर्यंत बोटांना रूळ थरथरताना कळत होता. मग तिनं अंग बाजूच्या खड्ड्यात टाकलं.

तीन बार झाले. मी तेव्हा मैलभर मागं होतो आणि ते तिन्ही बार मी ऐकले. मी जागीच बसलो. फटाके माझ्या डोक्यातच आले नाहीत. मला वाटलं वाघिणी गेटवर आदळल्या. मी रुळावर बसून गुरासारखा ओरडलो, मला माझी शुद्ध नव्हती.

पण गेटवर त्या बारांनी काम केलं. जे कान शिट्टीची वाट बघत होते त्यांत बाँब फुटल्यासारखं झालं. बैल उधळले, आणि उधळले ते बरोबर पुढं, गर्दी आपोआप दुभंगली, बसप्पाची गाडी अर्धा अडकलेला दांडा काडीसारखा मोडत रुळावरनं उडून बाहेर. पाट्या फेकून, लेकरं उचलून माणसं दोन्ही बाजूंना पळाली. वाघिणी धडधडत मधनं गेल्या, गाडीची मागची फळी उडवली, आणि पुढं मैलभर सपाटीला जाऊन थांबल्या. बसप्पा खाली पडून त्याच्या पायाचं हाड मोडलं. बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मी पोचलो तेव्हा सगळीकडं कांदे. दगडाबाई गेटच्या पायरीवर बसली होती, कोपर सोललेलं, अंगभर धूळ. मी समोर उभा राहिलो. पायांतनं रक्त येत होतं. तिनं विचारलं, “बिरेक कुनी बांधला न्हवता?”

“मी.”

तिनं उठून माझ्या कानाखाली अशी वाजवली की बाजारभर ऐकू गेली. मग ती रडायला लागली, आणि मीही.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण रेल्वे आहे ती. दोन दिवसांनी चौकशी लागली, आणि कुणावर? तर दगडाबाईवर! गेट उघडं टाकून गेली. विनाहुकूम तीन फटाके उडवले. त्यानं चेंगराचेंगरी होऊन दांडा मोडला, एका माणसाचा पायही मोडला. अण्णारावांनी त्याच दिवशी मास्तरला गाठून डायरीत लिहून घेतलं होतं, ‘दोन वाघिणी किंचित सरकल्या, गेटला कळवले.’ इंजिन लावून वाघिणी गुपचूप परत आणल्या होत्या आणि ब्रेकची दांडी तेल घालून खाली दाबून ठेवली होती; बाजारातल्या लोकांना रेल्वे कशाला विचारते? किंचित सरकलेल्या वाघिणींसाठी कुणी फटाके उडवतं का? म्हणजे बाईच बावळट, बाईनंच गोंधळ घातला.

“तू फक्त सरकल्या म्हण,” अण्णाराव मला रोज सांगायचे. “तिचं काय रं, बदलीवाली बाई. गेली तर दुसरीकडं लागंल. तू पक्का मानूस हाईस, तुला तीन लेकरं हायेत.”

“तिला भूक लागत न्हाय व्हय?” एकदा मी बोललो.

“मंग तू मर,” ते म्हणाले.

चौकशीच्या दिवशी एका लांब खोलीत साहेब, त्यांचा लिहिणारा क्लार्क, आणि भिंतीशी बाकावर आम्ही. अण्णाराव आधी बोलले. सरकल्या, साहेब. किंचित. मग माझं नाव येईल म्हणून मी घाम पुसत होतो, तर साहेबांनी दगडाबाईला बोलावलं.

ती उभी राहिली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर. फोक नाही म्हणून हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं.

साहेब म्हणाले, “बाई, सगळं एका गोष्टीवर आहे. पॉइंट्समननं फोनवर तुम्हाला नेमकं काय सांगितलं? वाघिणी सरकल्या म्हणाला, की रनअवे म्हणाला?”

मला वाटलं, संपलं. ती खरं बोलणार, बोलायलाच पाहिजे, तिच्या जागी मी असतो तर बोललो असतो. मी डोळे मिटून घेतले.

“सरकल्या म्हनला,” दगडाबाई म्हणाली.

“दुसरं काही नाही?”

“न्हाय जी. मीच भ्याले.”

क्लार्कनं लिहिलं. टाकाचा आवाज येत होता. त्यानं कागद तिच्याकडं फिरवला आणि शाईचा डबा पुढं केला. तिनं डावा अंगठा शाईत बुडवला. त्या अंगठ्याखाली तिची नोकरी, कोंडीबाची खोली, सगळं जाणार होतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. अण्णारावांनी सुस्कारा सोडला. तो सुस्कारा माझ्या कानात गेला आणि माझं डोकंच फिरलं.

“थांबा!” मी उठलो. अण्णारावांनी सदरा ओढला, तो टरकन फाटला. “साहेब, ती खोटं बोलतीय. मी रनअवे म्हणालो. ब्रेक बांधला नव्हता मी, दगड लावला होता. गेटला सांगायलाबी उशीर केला. ही बाई नसती तर आज तुमी मढी मोजत बसला असता.”

दगडाबाईचा अंगठा तसाच वर. ती क्लार्ककडं वळली आणि म्हणाली, “फाडा त्यो कागुद. आता पुन्ना लिवा.”

तिची नोकरी राहिली, पुढं पक्कीही झाली. अण्णारावांची बदली झाली. मला खलाशी, म्हणजे रेल्वेचा बिगारी, करून कुर्डुवाडीला टाकलं, परत पॉइंट्समन व्हायला सहा वर्षं लागली. त्याचं मला काही नाही. पण त्या दिवशी बाहेर आल्यावर मी तिला विचारलंच. “वहिनी, माझ्यासाठी का मरायला निघाला होता? मी काय केलं होतं तुमचं, वाटोळंच की!”

ती चिडली. “तुज्यासाठी? तुज्यासाठी कशाला मरू मी, बे? तुजी नागू आली हुती काल. दोनी लेकरं पायावर घातली, तिसरं कडंवर. माजे पाय सोडंना. मी कोंडीबा गेला तवा अशीच एका सायबाच्या दारात बसले हुते. न्हाय म्हनता आलं न्हाय मला.”

मी घरी गेलो. नागूबाई चुलीपुढं बसली होती. मी दारातनंच सांगितलं की मी खरं बोललो, आता काय व्हायचं ते होईल. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

“तू पाया पडलीस तिच्या?”

“पडले,” ती म्हणाली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. “लेकरं हायेत मला. पुन्ना येळ आली तर पुन्ना पडीन.”

मला राग यायला पाहिजे होता. मी भिंतीला टेकून खाली बसलो. तिनं ताट घेतलं, दोन भाकरी वाढल्या, वर तिसरी ठेवली आणि ताट माझ्यापुढं सारलं. पदरानं डोळे पुसत म्हणाली, “जेवा. आठ दिस झालं, घास गिळत न्हवता तुमी.”